गाण्यात नसलेले बऱ्हाणपूर

राजा शिकारीला निघालेला असतो. बरोबरचे स्वार मागे राहतात, रान दाट होत जाते आणि नर्मदेच्या बाजूने एक गळा ऐकू येतो. गाणारी पोर शेळ्या राखत बसलेली असते. राजा घोड्यावरून उतरतो, गाणे संपेपर्यंत झाडाआड थांबतो, आणि मग तिला मांडूला चल म्हणतो. ती अट घालते की रोज नर्मदेचे दर्शन होईल अशाच जागी मी राहीन. राजा अट मान्य करतो.

मांडू पाहून आलेल्या बहुतेकांनी ही गोष्ट ऐकलेली असते. रूपमती मंडपाच्या पायऱ्या चढताना गाइड ती सांगतोच. पुढचा भागही सगळ्यांना पाठ असतो. अकबराची फौज येते, बाजबहादूर हरतो आणि पळतो, अधमखान रूपमतीला निरोप धाडतो, ती नटूनथटून विष घेते. गोष्ट संपते. पळालेला राजा गेला कुठे, हे सांगणारा सांगत नाही आणि ऐकणाराही विचारत नाही.

तो खानदेशात गेला. त्याच्या मागावर आलेल्या मोगल फौजेने १५६२ साली बऱ्हाणपूरची जी दशा केली, तिला त्या प्रेमकथेत एक ओळसुद्धा मिळालेली नाही. एवढ्या गाजलेल्या कथेतून एक भरलेले शहर असे कसे गळून पडते, हे पाहायचे तर आधी त्या शेळ्यांकडे पाहावे लागते.

बाजबहादूरचे मूळ नाव मलिक बायजीद. बाप शुजाअतखान हा शेरशहा सूरचा माळव्यातला सुभेदार. तो १५५५ च्या सुमारास वारला. दिल्लीत सूर घराण्याची घडी विस्कटली होती, त्याचा फायदा घेऊन बायजीदाने भावाचा काटा काढला आणि स्वतःला सुलतान म्हणवले. नंतर त्याने गोंडवनावर स्वारी केली, पण राणी दुर्गावतीने त्याला असा मार दिला की पुन्हा त्या दिशेला त्याने तोंड केले नाही. तलवार साधली नाही म्हणून तो गाण्याकडे वळला, असा या हकिकतीचा एकंदर सूर आहे. मला तो थोडा अन्यायाचा वाटतो. गाणे त्याला खरोखरच येत होते, आणि ते शत्रूंनीही कबूल केले आहे.

रूपमतीबद्दल त्या काळच्या फारसी बखरकारांनी जे लिहिले त्यात शेळ्या नाहीत, रान नाही, नदीकाठची अटही नाही. त्यांच्या लेखी ती बाजबहादूरच्या दरबारातली गाणारी, नाचणारी स्त्री. तिच्या रूपाची कीर्ती दूरवर पसरली होती आणि तिच्या प्रेमात बाजबहादूर हिंदवी पदे रचून मन मोकळे करी, असे अकबराचा दरबारी इतिहासकार अबुल फझल सांगतो. ती कुठली, यावर मागाहून पुष्कळ भांडण झाले. कुणी सारंगपूरची म्हणतो, कुणी नर्मदाकाठच्या धरमपुरीची. कुणी ब्राह्मणाची मुलगी ठरवतो, कुणी राजपुताची. शेळ्या हळूहळू, सांगणाऱ्यांच्या तोंडी, तिच्याभोवती गोळा झालेल्या दिसतात. मांडूतल्या दगडांचेही असेच झाले. ज्या वाड्याला आज बाजबहादूरचा महाल म्हणतात, त्याच्या दारावरचा लेख हिजरी ९१४ चा, म्हणजे इसवी सन १५०८-०९ चा आहे आणि त्यात नासिरुद्दीन खलजीचे नाव आहे. बाजबहादूर गादीवर बसला त्याच्या जवळजवळ अर्धशतक आधी तो वाडा उभा होता. रूपमती मंडपही मुळात टेहळणीची चौकी. दरीच्या टोकावरून निमाडाकडे लक्ष ठेवायला बांधलेला. खालून शत्रू येतो का, हे जिथून पाहायचे, तिथून गाण्याने नर्मदा पाहायला लावली.

दरबारी गायिकेची राखणीण का झाली? हे फक्त माळव्यात घडले असते तर त्याला स्थानिक लहर म्हणून सोडून देता आले असते. पण तेराव्या शतकात फ्लॉरेन्सचा गुइदो काव्हालकांती एक गीत रचतो, आणि त्यातही रानातून जाणाऱ्या कवीला मेंढ्या राखणारी एकटी मुलगी भेटते, ती गात असते, आणि प्रेम जमायला फारसा वेळ लागत नाही. त्याआधी फ्रान्समधल्या भाटांनी असली गाणी ढिगाने गायली होती. त्यांत घोड्यावरचा सरदार आणि पायी चालणारी पोर यांची शाब्दिक झटापट असते. कधी ती त्याला हुशारीने वाटेला लावते, कधी तो जबरदस्ती करतो आणि गाणे तेही हसून गाते. १५०४ मध्ये नेपल्सच्या सान्नाझारोचे ‘आर्काडिया’ पूर्ण रूपात छापले गेले, आणि पुढची शंभर-दीडशे वर्षे इटलीतल्या प्रत्येक दरबाराला मेंढपाळांचे वेड लागले.

त्या वेडाची कळा पाहण्यासारखी आहे. १५७३ च्या उन्हाळ्यात फेराराच्या ड्यूकसमोर तास्सोचे ‘आमिंता’ झाले. त्यात आमिंता नावाचा मेंढपाळ सिल्व्हियावर जीव टाकतो, आणि तिला शिकारीपलीकडे काही सुचत नाही. १५९० मध्ये त्याच दरबारातल्या ग्वारीनीचे ‘निष्ठावान मेंढपाळ’ छापले गेले, आणि त्यातले उतारे घेऊन संगीतकारांनी चार-पाच आवाजांत गायची गीते रचायला सुरुवात केली. यातल्या मेंढ्यांना रोग पडत नाही, लांडगा क्वचित येतो, चराईवरून मारामारी होत नाही. संघर्ष सगळा एकाच जातीचा: मी तुला हवा, तुला मी नको. प्रेयसीची नजर म्हणजे बाण, तिचा नकार म्हणजे मरण, तिचे हृदय म्हणजे शरण न येणारा किल्ला. माँटेव्हेर्दीने १६३८ मध्ये आपला आठवा संग्रह छापला, त्याचे नावच युद्धाची आणि प्रेमाची गीते. पण ज्या मांटुआत त्याचा ‘ऑर्फेओ’ १६०७ मध्ये मेंढपाळ आणि वनदेवतांचा मेळा घेऊन रंगला होता, ते शहर १६३० मध्ये सम्राटाच्या फौजेने खरोखर लुटले, तेव्हा त्याच्या राखेवर मेंढपाळांचे एखादे गीत कुणी रचलेले ऐकिवात नाही. खरे किल्ले पडतात तेव्हा या गाण्यांना ऐकू येत नाही.

तास्सो आणि ग्वारीनी लिहीत होते त्याच दशकांत पैठणला एकनाथ गवळणी रचत होते. तिथेही दूधवाल्या बाया, तिथेही तरुण, तिथेही वाट अडवणे आणि भांडण. मात्र एक फरक मला महत्त्वाचा वाटतो. आपल्या गवळणीत बाजार आहे. डोईवर दह्याचे मडके घेऊन बाया मथुरेला विकायला निघालेल्या असतात, आणि कृष्ण वाटेत उभा राहून दाण मागतो, म्हणजे चक्क जकात. मडके फुटले तर नुकसान कुणाचे, यावर यशोदेकडे तक्रार जाते. त्या सगळ्याला अध्यात्माचा अर्थ आहे हे खरेच. पण दह्याला मोल आहे, आणि मोल आहे म्हणून भांडणाला जोर आहे. इटलीतल्या दरबारी मेंढपाळाला मेंढी विकताना कुणी पाहिलेले नाही. रूपमतीच्या शेळ्याही कुणाच्या मालकीच्या, किती, दूध कुठे जायचे, याची विचारपूस गोष्ट करत नाही.

आता गाण्यातून लढाईकडे. २९ मार्च १५६१ च्या सुमारास सारंगपूरजवळ ती झाली. मोगल फौजेचे सरदार दोन. अधमखान हा अकबराची दाई माहम अनगा हिचा मुलगा. आणि दुसरा पीरमुहंमदखान शिरवानी. बाजबहादूर हरला आणि दक्षिणेकडे निघून गेला. पराभव झाला तर जनान्यातल्या बायकांना मारून टाकावे, असा हुकूम तो आधीच देऊन गेला होता. हा तपशील प्रेमकथेत कधी येत नाही, यायला हवा. त्या हुकमाप्रमाणे काहींचे गळे चिरले गेले, काही अर्धवट जखमी होऊन उरल्या. रूपमती या उरलेल्यांत होती. तिने विष घेतले ते त्या जखमांवर.

इतिहासकार बदायूनी त्या दिवसांत या फौजेबरोबर होता. दोन्ही सरदार आपल्यासमोर कैद्यांचे जथे आणवून कापवत होते, आणि हातात कुराण घेऊन सामोरे आलेल्या सय्यद-शेखांनाही पीरमुहंमदाने सोडले नाही, असे तो लिहितो. बदायूनी फटकळ होता आणि बऱ्याच लोकांवर त्याचा राग होता, म्हणून त्याचे प्रत्येक वाक्य तोलून घ्यावे लागते. पण या फौजेत त्याची ऊठबस होती आणि मारले गेले त्यांच्या बाजूने तो बोलतो, म्हणून इथे मी त्याच्यावर विश्वास ठेवतो.

अधमखानाने लूट दाबून ठेवली, हे कळताच अकबर आग्र्याहून स्वतः दौडत सारंगपूरला आला. माफी झाली, लूट हाती आली. परत निघताना अधमखानाने बाजबहादूरच्या जनान्यातल्या दोन सुंदर मुली गुपचूप मागे ठेवून घेतल्या. बोभाटा झाला, मुली सापडल्या. आणि त्यांनी तोंड उघडू नये म्हणून माहम अनगाने दोघींना मारवले. त्यांची नावे कुणी लिहून ठेवलेली नाहीत. बाजबहादूरच्या नाचणाऱ्या स्त्रिया अकबरासमोर नाचत आहेत, असे एक चित्र ‘अकबरनाम्या’च्या हस्तलिखितात आहे आणि ते आता लंडनच्या व्हिक्टोरिया अँड अल्बर्ट संग्रहालयात आहे. भरजरी घागरे, गिरक्या, वादक, सिंहासनावर तरुण बादशहा. चित्र अप्रतिम आहे. त्या बायका कोणत्या रक्तातून चालत तिथवर आल्या हे ठाऊक असले की त्याच्याकडे फार वेळ पाहवत नाही.

अधमखानाला परत बोलावले गेले आणि माळवा पीरमुहंमदाच्या हाती राहिला. हा मूळचा मुल्ला. अकबराचा पालक बैरामखान याच्या आश्रयाने वर आला, मोठा झाला, मग त्याच्याशी बिनसले. आणि १५६० मध्ये बैरामखानाची मर्जी उतरल्यावर त्याला हिंदुस्थानाबाहेर पिटाळण्याच्या कामगिरीवर याच पीरमुहंमदाला धाडले गेले. जुन्या धन्याला त्याच्याच माणसाने हाकलायचे. बैरामखान १५६१ च्या जानेवारीत गुजरातेत पाटणला मारला गेला, तेव्हा त्याचा मुलगा चार वर्षांचा होता. त्या पोराचे नाव अब्दुल रहीम. तो पुढे बऱ्हाणपुरात येणार आहे.

बाजबहादूर ज्या मुलुखात शिरला, तो फारूकी सुलतानांचा. बऱ्हाणपूर तापीच्या उत्तर तीरावर, आणि त्याच्या उत्तरेला वीसेक किलोमीटरवर सातपुड्यात असीरगड. या गडाच्या मालकीची जी जुनी हकिकत फिरिश्ता हा फारसी इतिहासकार देतो, तिच्यात खरा गुराखी आहे. आसा अहीर हा त्या डोंगराचा धनी. हजारो गाई-म्हशी, मेंढरे, घोड्या. दुष्काळात त्याने कोठारे उघडली आणि लोकांना काम मिळावे म्हणून गडाचा तट बांधून घेतला, असे सांगतात. फारूकी नासिरखानाने चौदाव्या शतकाच्या अखेरीस त्याला निरोप धाडला, की मला शत्रूंनी घेरले आहे, माझ्या बायकामुलांना तुझ्या गडावर आसरा दे. आसाने दिला. मेण्यांतून पहिल्या दिवशी बायका आल्या. दुसऱ्या खेपेच्या मेण्यांतून हत्यारबंद शिपाई उतरले. पाहुण्यांचे स्वागत करायला मुलांसह पुढे आलेला आसा तिथेच कापला गेला. नासिरखानाने गड घेतला आणि पायथ्याच्या मैदानात, सूफी संत शेख बुऱ्हानुद्दीन गरीब यांच्या नावाने शहर वसवले. बऱ्हाणपूर ते हे.

हकिकतीत दंतकथेचा भाग किती, हे मोजत बसण्यापेक्षा ती कोणत्या मुलुखाने जपली हे मला बोलके वाटते. अहिरांचा मुलुख, अहिराणी बोलणारा खानदेश. इथल्या स्मरणातला गुराखी झाडाखाली पावा वाजवत नाही. त्याच्याकडे गड असतो, धान्य असते, आणि तो आसरा देतो म्हणून मरतो.

दीडशे वर्षांनी आसरा देण्याची पाळी नासिरखानाच्या वंशजावर आली. मीरान मुबारक शहा दुसरा हा १५३७ पासून गादीवर होता, मुरलेला माणूस. बाजबहादूरला जवळ करण्यात त्याचा स्वार्थ उघड होता. माळवा मोगलांच्या हाती गेला म्हणजे मोगल नर्मदेवर आले, आणि नर्मदेनंतर खानदेशच. पळून आलेल्या गवयावर दया दाखवण्यापेक्षा तो आपल्या दारावर अडसर लावत होता.

अडसर टिकला नाही. १५६२ मध्ये पीरमुहंमद माळव्यातून दक्षिणेकडे उतरला. आधी निमाडातले बीजागड घेतले आणि तिथल्या शिबंदीची कत्तल केली. मग तो खानदेशात घुसला. असीरचा किल्ला त्याच्या हाती लागण्यासारखा नव्हता. तो पुढे अकबराला सुद्धा कित्येक महिने वेढा घालून १६०१ च्या जानेवारीत मिळाला. पण खालचे शहर उघडे होते. निवडक स्वार घेऊन तो झपाट्याने बऱ्हाणपूरवर आला.

शहर कसे होते याची कल्पना वीसेक वर्षांनी इथून गेलेल्या राल्फ फिच या इंग्रज व्यापाऱ्याच्या टिपणावरून येते. सुती कापड अमाप, छापील आणि रंगीत. पण घरे मातीची आणि वर गवताचे छप्पर. म्हणजे लुटायला भरपूर आणि जाळायला सोपे. विणकर, रंगारी, पिंजारी, सावकार, दर्ग्यांचे मुजावर. बाजबहादूर कोण आणि रूपमती कोण, याच्याशी यातल्या कुणाला काही देणेघेणे नव्हते. पीरमुहंमदाने इथे चंगीजखानी रीत चालवली, रहिवाशांना कापले किंवा कैद केले, गावे उद्ध्वस्त केली, असे बदायूनी लिहितो. अबुल फझलला दरबाराची बाजू सांभाळायची असते. तो मोहिमेतले शौर्य आणि उतावीळपणा यांबद्दल बोलतो, मेलेल्यांबद्दल फारसे नाही. मारलेल्यांचा आकडा मी देत नाही. असल्या आकड्यांत शौर्य फार आणि मोजणी कमी असते.

मराठी वाचकाला बऱ्हाणपूर म्हटले की १६८१ आठवते. संभाजीराजांच्या कारकिर्दीच्या आरंभी हंबीरराव मोहित्यांच्या फौजेने बहादूरपुरा आणि आसपासचे पुरे लुटले, आणि आपण ते अभिमानाने वाचतो. राजकारण म्हणून ती स्वारी पुरती समजण्यासारखी आहे. तरी तापीकाठच्या सावकारापेक्षा तिथल्या विणकराच्या दृष्टीने पाहिले तर १५६२ आणि १६८१ यांत पागोट्याच्या बांधणीपलीकडे काय फरक पडला असेल, हा प्रश्न आपल्या बखरींनाही पडत नाही. शहर लुटणाऱ्याच्या गाण्यात येते ते लुटीच्या मापाने, आणि प्रेमाच्या गाण्यात ते येतच नाही.

पीरमुहंमदाची फौज लुटीने जड झाली आणि विखुरली. तोवर मुबारक शहा, बाजबहादूर आणि वऱ्हाडचा कारभारी तुफालखान, तिघे एक झाले. खानदेश, माळवा आणि वऱ्हाड यांना एकत्र आणण्याचे काम कोणत्याही तहाने केले नव्हते, ते बऱ्हाणपूरच्या कत्तलीने केले. तिघांची फौज मागे लागताच पीरमुहंमद माळव्याकडे परतू लागला. नर्मदेवर पोचेपर्यंत अंधार पडत होता. लोकांनी थांबा म्हटले, तो थांबला नाही. पाण्यात घोडा घातला, आणि ओझ्याच्या उंटांची एक रांग त्याच वेळी पार होत होती. त्या रेट्यात घोडा बुजला आणि पीरमुहंमद पाण्यात गेला. बरोबरच्या माणसांनी त्याला वाचवायची फारशी धडपड केलेली दिसत नाही. अनाथांचे आणि कैद्यांचे तळतळाट भोवले, असा बदायूनीचा निकाल आहे.

रूपमती जिचे दर्शन घेतल्याशिवाय जेवत नसे म्हणतात, तीच ही नर्मदा. असा मसाला हाती असताना एकाही गीतकाराने त्याला हात लावला नाही, याचे मला नेहमी नवल वाटत आले आहे. राजाची प्रेयसी ज्या नदीची भक्त, तीच नदी तिच्या वैऱ्याला गिळते. नाटक कंपन्यांच्या काळात कुणी लिहिले असते तर शेवटचा पडदा टाळ्यांनी फाटला असता. पण तसे करायचे तर पीरमुहंमद नर्मदेपलीकडे काय करून परत येत होता ते सांगावे लागते, म्हणजे बऱ्हाणपूर सांगावे लागते. विणकरांची प्रेते मध्ये आली की शेळ्या राखणारी पोर आणि शिकारी राजा दोघेही एकदम लहान दिसायला लागतात.

बाजबहादूरला मांडू परत मिळाले, तेही थोडे महिने. त्याच वर्षी अकबराचा सरदार अब्दुल्लाखान उझबेग आला आणि तो पुन्हा पळाला. मग बागलाण, गुजरात, मेवाड अशी आठ वर्षांची वणवण. १५७० मध्ये नागोरला तो अकबराला शरण गेला आणि मनसबदार झाला. ‘आईने अकबरी’त अबुल फझलने दरबारातल्या गाणाऱ्या-वाजवणाऱ्यांची यादी दिली आहे. तानसेन पहिला. त्याच यादीत माळव्याचा राजा बाजबहादूर आहे आणि त्याच्या गाण्याला तोड नाही असा शेरा आहे. ज्या बादशहाच्या फौजेपायी रूपमती मेली, त्याच्यासमोर हा पुढे गात राहिला. गोष्ट त्याला सारंगपुरातच सोडते, यामागे हेही एक कारण असावे. प्रियकराने विष घेतले नाही, नोकरी धरली.

मुबारक शहाने शहाणपण केले. १५६४ मध्ये अकबर मांडूला आला तेव्हा त्याने आपली मुलगी बादशहाला दिली. बऱ्हाणपूरच्या कत्तलीला दोन वर्षे झाली होती. ही मुलगी कुठल्या गाण्यात नाही, आणि तिच्या मनात काय होते हे विचारायला झाडाआड कुणी उभे नव्हते.

रूपमतीची म्हणून सांगितली जाणारी पदे अहमद-उल-उमरी नावाच्या एका तुर्कमानाने १५९९ मध्ये तिच्या हकिकतीसह फारसीत एकत्र केली. दोहे, कवित्त आणि सवैये मिळून पंचवीसच्या आसपास. १६५३ मध्ये त्याची नक्कल झाली, ती हातोहात फिरत भोपाळच्या एका जमादारामार्फत आग्र्याला आणि तिथून इंग्रज अधिकाऱ्यांपर्यंत आली. क्रंप यांनी केलेले तिचे इंग्रजी भाषांतर १९२६ मध्ये ऑक्सफर्डने काढले. मधल्या काळात राजस्थानपासून दख्खनपर्यंतच्या चित्रकारांनी दोघांना चांदण्यात शेजारी शेजारी घोड्यांवर इतक्या वेळा रंगवले, की तो चित्राचा एक ठरलेला प्रकारच होऊन बसला. हे सगळे सुंदर आहे. मला त्याच्याविरुद्ध काही म्हणायचे नाही, फक्त त्या चांदण्याच्या दक्षिणेला चार दिवसांच्या मजलीवर काय होते ते नोंदवायचे आहे.

उमरी तिकडे पदे गोळा करत होता त्या सुमारास बैरामखानाचा तो चार वर्षांचा पोर बऱ्हाणपूरच्या बाजूला वावरू लागला होता. अब्दुल रहीम, आता खानेखाना. फारूकी गेले, असीर पडला, शहर मोगल दक्षिणेची राजधानी झाले, आणि रहीमच्या आयुष्याची कितीतरी वर्षे याच तापीकाठी गेली. त्याचा जावई शहजादा दानियाल १६०५ मध्ये दारूपायी इथेच मेला. मुलगा शाहनवाजखान याची कबर इथेच, उतावळी नदीच्या काठी. १६०७-०८ च्या सुमाराचे हमामखाने आणि १६१५ च्या सुमारास उकरलेला कुंडी भंडाऱ्याचा भुयारी पाणीपुरवठा ही त्याच काळातली कामे. सातपुड्याच्या कुशीतले पाणी अजून त्या विहिरींच्या रांगेतून सरकते. बापाला ज्याने हाकलले त्याने जाळलेल्या शहराला मुलाच्या काळात पाणी मिळाले.

रहीमने ‘नगरशोभा’ नावाची एक दोह्यांची मालिका लिहिली आहे. तिच्यात शहरातल्या नाना जातींच्या, नाना धंद्यांच्या स्त्रिया एकेक करून येतात. सोनारीण, सुतारीण, रंगारीण. शृंगार पुरेपूर आहे, आणि पाहणाऱ्याची नजर सरदाराची आहे हे लपत नाही. पण कुणीही रानात एकटी बसलेली नाही. जिचा तिचा धंदा हातात आहे, आणि प्रियकराला जाळण्याची किंवा झुलवण्याची प्रत्येकीची रीत तिच्या हत्यारातून आलेली आहे. त्यात डोक्यावर दही घेऊन हिंडणारी एक गुजरी आहे. दुधादह्याच्या निमित्ताने गल्लोगल्ली फिरते, गिऱ्हाईक म्हणून जवळ येणाऱ्याला दही देते आणि बाकी काही देत नाही. एकनाथांच्या गवळणीची ही शहरातली बहीण म्हणावी. ते शहर बऱ्हाणपूरच, असा माझा हट्ट नाही. आग्रा, लाहोर, अहमदाबाद अशी बरीच गावे रहीमने पाहिली होती. तरी बऱ्हाणपूरच्या चौकात सकाळी दूधवाल्या बायांचे आणि गिऱ्हाइकांचे मापावरून चाललेले भांडण त्याने ऐकले नसेल, हे मला पटत नाही.